इंजिनाचं पहिलं पाणी

वरवट बकाल
नवरात्राची पाचवी माळ

प्रिय दीपा,

पत्र पाहून दचकू नकोस. सगळे बरे आहेत. म्हणजे मी बरा आहे, बाकीचे तुझ्याकडेच आहेत. फोन सोडून बाबांनी कागद कशाला काळा केला, असं तुला वाटेल. कारण साधं आहे. तुला फोन लावला की तुझे हात कामात असतात, म्हणून तू स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवतेस, आणि मग तुझ्या आधी अर्जुनरावांचाच आवाज येतो, 'नमस्कार हिंमतराव, काय म्हणते वरवट?' मला मुलीशी बोलायचं असतं आणि निम्मं बोलणं व्याह्यांशी होतं. म्हणून हे पत्र अल्तमशच्या हाती देतोय. तो उद्या फ्रीजचं सामान घ्यायला मलकापूरला निघालाय. दीपाच्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कोणाच्या नाही, असं त्याला बजावलंय. वाचताना तुझे सासरे शेजारी बसलेले असले तर उठून गच्चीवर जा.

इथलं सगळं ठीक. सोयाबीन निघायला लागलंय, त्यामुळे रोज कोणाचा ना कोणाचा थ्रेशर आपल्या लेथच्या दुकानासमोर पाय मोडून पडलेला असतो. काल एकाने शाफ्ट आणला, तो इतका वाकडा की तो त्याने बैलगाडीला जुंपला होता काय, असं विचारावं लागलं. जेवण गोविंदाच्या हॉटेलातून येतं. तुझी आई घट बसायच्या आदल्या दिवशी तुझ्याकडे निघाली ती चिवडा, शेंगदाण्याची चटणी, गोधडी आणि आपल्या विहिरीच्या पाण्याची एक भली मोठी कॅन घेऊन. मलकापुरात काय पाणी मिळत नाही, असं मी बसस्टँडवर तिला विचारलं. त्यावर तिने काय सांगितलं ते पुढे लिहितो, कारण हे पत्र त्या कॅनमुळेच लिहावं लागतंय.

खंडेनवमीला तुमच्या इंजिनात पहिल्यांदा वाफ भरायची आहे आणि त्याला मी यावं, असे निरोप तुझ्याकडून, जावईबापूंकडून आणि खुद्द अर्जुनरावांकडून आले. मी अजून कोणालाच हो म्हटलेलं नाही. आईला सांगितलं की नवमीला माझ्या लेथची पूजा कोण करणार, शेजारी? ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. तू माझी मुलगी आहेस, तुला कारण केव्हाच कळलं असेल, तरी स्वतःच्या हाताने लिहितो. मला अर्जुनरावांचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, जेवण कडू लागावं इतका. वयाच्या या टप्प्यावर हे शोभत नाही, हेही मला कळतं. पण ज्याचं जळतं त्याला कळतं.

तुझे फोटो आईच्या मोबाइलवर यायचे. आई ते पिठाच्या गिरणीत दाखवायची, भजनात दाखवायची, बांगड्या भरायला गेली तर तिथे दाखवायची. दोन हात लांबीचं वाफेचं इंजिन, खऱ्या कोळशावर चालणारं, खऱ्या रुळांवर धावणारं, फक्त दोन रुळांमधलं अंतर पाच इंच. अर्जुनराव तरुणपणी भुसावळला ज्या काळ्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायचे, त्याचीच ही लहान नक्कल, आणि ती आपल्या पोरीने केली, असं आई सगळ्यांना सांगायची. मी तिला म्हणायचो, मोबाइल ठेव तिथे, हात धुऊन बघतो. ती आत गेली की चष्मा लावून, दोन बोटांनी फोटो मोठा करून मी चुका शोधत बसायचो. खोटं कशाला बोलू, चूक सापडावी अशी फार इच्छा असायची. एकदा सापडलीही. धुराड्याखालच्या गोल दरवाजाची वरची बिजागरी केसभर तिरकी होती. तो माझा अख्खा दिवस फार आनंदात गेला. गोविंदाला मी दोन वेळा चहा पाजला. पुढच्या फोटोत ती बिजागरी तू सरळ केली होतीस.

हे इंजिन का सुरू झालं, ते मला माहीत आहे. तुझ्या सासूबाई गेल्यावर अर्जुनराव खाटेवरून उठेनात, जेवण पुढे ठेवलं तर ताटात बोट फिरवत बसायचे. तेव्हा तूच त्यांच्याकडून त्या जुन्या इंजिनाच्या गोष्टी काढून घेतल्यास, तूच कागदावर आराखडा काढलास, आणि 'चाकं लोखंडाची की पितळेची' एवढंच विचारलंस. माणूस चिडून उठला, पितळेची चाकं कोण लावतं म्हणून. उठला तो परत आडवा झाला नाही. तुझं हे वागणं ऐकून मला अभिमान वाटला होता, आईजवळ मी तो बोलूनही दाखवला होता. पण मी समजत होतो, महिना-दोन महिन्यांचा खेळ असेल. तीन वर्षं चालेल, आणि या तीन वर्षांत तू त्यांना मामाजी म्हणायचं सोडून बाबा म्हणायला लागशील, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. 'बाबांनी आज धुराडं बसवलं' असा तुझा निरोप आला तेव्हा क्षणभर मी आपल्या छपराकडे पाहिलं.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण ते सणाला आठवणीने फोन करतात, माझ्या गुडघ्याची चौकशी करतात, तुला कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. माझ्या हाती त्यांच्याविरुद्ध एकच गोष्ट आहे आणि ती मी इतकी वर्षं जपून ठेवली आहे. तुला पाहायला ते सगळे आले होते, तेव्हा तू चहा आणलास. अर्जुनरावांनी एक घोट घेतला, कप बशीत ठेवला, आणि उठेपर्यंत त्याला हात लावला नाही. आईने विचारलं, साखर कमी झाली का? तर म्हणाले, 'नाही हो, साखर बराबर आहे. पाणी जरासं...' आणि पुढचं गिळून टाकलं. आपल्या विहिरीच्या पाण्याला नाव. गावातल्या निम्म्या विहिरी खाऱ्या, लोक मोटारपंप माझ्याकडे आणतात तर आतले पंखे मिठाने खाल्लेले असतात, पण आपली विहीर गोड. माझ्या वडिलांनी खोदली तेव्हापासून सगळी गल्ली प्यायला आपल्याकडूनच पाणी नेत आली. त्या घोटावरून मी तुझं लग्न मोडायला निघालो होतो, हे तुला आईने कधी सांगितलं नसेल. जावईबापूंनी तेवढ्यात दुसरा कप मागितला म्हणून वाचले.

आता माझं दुखणं ऐक. तू चौथीत असताना शाळेतून सुटलीस की घरी न जाता दुकानात यायचीस. वेणी सदऱ्याच्या आत, ओढणी नाही, बांगड्या नाहीत, हे लेथचे नियम तुला मी इंग्रजी अक्षरं यायच्या आधी शिकवले. कानस धरायला शिकवली तेव्हा तुझा हात कानशीएवढाच होता. ढकलताना दाब, ओढताना उचल. दिवसभर तेच. लोखंडाच्या तुकड्याला काटकोन येईना तेव्हा तू रडायचीस आणि तरी तो खाली ठेवायची नाहीस. नातेवाईक म्हणायचे, पोरीच्या हाताला ऑइलचा वास येतो, हिला करणार कोण? मी म्हणायचो, ज्याला वास आवडेल तो करेल. आपण दोघं मिळून काहीतरी मोठं करू, असं मी तुला कितीदा म्हटलं असेल. मग तुझं कॉलेज आलं, माझे थ्रेशर आले, लग्न आलं, आणि ते मोठं राहूनच गेलं. मुलगी मी घडवली, आणि इंजिन करायची वेळ आली तेव्हा अर्जुनराव आयत्या बिळात नागोबा होऊन बसले.

तू एक व्हिडिओ पाठवला होतास, आठवतं? कोळशाच्या डब्याला रिव्हेट मारत होतीस. मोहरीच्या दाण्याएवढी रिव्हेटची डोकी, एका सरळ ओळीत, एक मागे नाही की एक पुढे नाही. मध्येच अर्जुनराव कडेला काहीतरी घासायला बसले. इंजिन चालवण्यात ते हुशार असतील, कानस त्यांच्या हातात काठीसारखी दिसते. आणि तू मान वर न करता त्यांना म्हणालीस, 'ढकलताना दाबा बाबा, ओढताना उचला.' माझं वाक्य, माझ्या सुरात, त्यांच्यासाठी. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते विचारू नकोस. आईला वाटलं मला रिव्हेट आवडले. मला राग कशाचा आला ते नीट सांगता येत नाही. तू विसरली असतीस तरी मला लागलं असतं, आणि विसरली नाहीस तर हे असं लागलं.

यंदा अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, तू आली नाहीस. लग्नानंतर पहिल्यांदाच. आईने निंबाला झोका बांधून घेतला होता, सांजोऱ्या केल्या होत्या, मी जळगाव जामोदहून तुझ्या आवडीचे आंबे आणले होते. तुझा फोन आला, 'आज बॉयलरची पाण्याने तपासणी आहे, दाब टिकतो का बघायचंय, उद्या येते.' उद्याची तू पुढच्या आठवड्यात आलीस, तीही अर्ध्या दिवसासाठी, आणि त्यातला निम्मा वेळ अंगणात फेऱ्या घालत व्हॉल्व्हच्या स्प्रिंगबद्दल फोनवर बोलत होतीस. झोका रिकामाच राहिला. शेवटी गल्लीतल्या पोरींना सांगितलं, घ्या बायांनो झुलून.

त्यात भर म्हणजे अल्तमश. ज्याला मी झाळकाम शिकवलं, ज्याने माझ्या दुकानात पहिली पाइपजोड केली, तो गुपचूप मलकापूरला जाऊन तुमच्या तांब्याच्या बॉयलरचे सांधे चांदीच्या झाळेने जोडून आला. मला कळलं तेव्हा मी विचारलं, काऊन रे, सांगता येत नव्हतं? तर मान खाली घालून म्हणतो, 'काका, ताईनं बलावलं. तुमाले विचारलं असतं तर तुमी नाई म्हणले असते, अन् ताईले मी नाई म्हणू शकत नाई.' बरोबर बोलला, म्हणून आणखी राग आला. मुलगी तिकडे, चेला तिकडे, आता बायकोही तिकडे. लेथ तेवढा इथे आहे, कारण तो जमिनीत बोल्टने आवळलेला आहे.

मग मी काय केलं, ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. श्रावणात मीही एक बॉयलर केला. इंजिन नाही, तेवढी उमेद नाही, पण बॉयलर. भंगारातल्या गीझरचा तांब्याचा पाइप, वर-खाली जाड पत्रा, पाणी किती आहे ते दिसायला काचेची नळी, जास्त दाब झाला की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह, आणि पितळेची शिट्टी. शिट्टी मी स्वतः लेथवर कातली, आरशासारखी चकचकीत. मनात असं होतं की तुमच्या इंजिनाच्या आधी माझी शिट्टी वाजली पाहिजे. एक व्हिडिओ काढून तुला पाठवायचा आणि खाली काहीच लिहायचं नाही.

भरला, पेटवला, दाब चढला, शिट्टीची साखळी ओढली. शिट्टी वाजलीच नाही. घसा खाकरावा तसा आवाज आला आणि गरम पाण्याची चूळ माझ्या पँटवर. काचेच्या नळीत पाणी नुसतं उसळत होतं, वर-खाली, किती आहे ते समजेना. मला वाटलं तेलकटपणा राहिला असेल. सोड्याने धुतला, परत भरला, परत तेच. शिट्टी बदलली, भोकं बदलली, नळी उंच केली. भिंतीवर जिथे थेंब उडाले तिथे पांढरे ठिपके वाळले, ते मी पाहिले आणि चुना समजून सोडून दिले. थोड्या दिवसांनी तर दाब चढूनही व्हॉल्व्ह उघडेना. स्क्रूड्रायव्हरने टोचला तेव्हा फुसकन सुटला. घाबरून मी विस्तव ओढला. मनात म्हटलं, हिंमतराव, हात गेला तुमचा. ती पोर तिकडे अख्खं इंजिन उभं करते आणि तुम्हाला एक शिट्टी वाजवता येत नाही. बॉयलर पोत्याखाली झाकून ठेवला. सगळ्यावर शंका घेतली, पण पाण्यावर नाही. गोड विहिरीवर कोण शंका घेईल?

आता कॅनचं. बसस्टँडवर मी कुरकुर केली तेव्हा आई खिडकीतून म्हणाली, 'तुमाले सांगू नको म्हणे पोरगी, पण सांगतो. तिनं सासऱ्याले आधीच सांगून ठेवलं हाये, इंजिनाच्या पोटात पयलं पाणी माह्या बापाच्या इहिरीचं घालीन. मंग इस्तव पेटवा.' बस निघाली. मी तिथेच उभा. नव्या घागरीत पहिलं पाणी माहेरचं भरतात हे मला माहीत आहे, पण इंजिनाला ते लावायचं फक्त तुला सुचू शकतं. दीपा, त्या दोन दिवसांत मी जमिनीवर नव्हतो. थ्रेशरवाल्यांना सांगितलं, गिरणीवाल्याला सांगितलं. मलकापूरच्या त्या इंजिनात पाणी कुठलं, माहीत आहे? आपलं. अर्जुनरावांचा कोळसा, अर्जुनरावांची आठवण, पण चालणार माझ्या पाण्यावर. त्यांनी बशीत ठेवलेला तो चहा आता त्यांच्याच इंजिनाच्या पोटात जाणार, असाही एक विचार आला आणि तो मला फार आवडला.

गोविंदालाही सांगितलं. तो गाळण्यातून चहा गाळत होता. म्हणाला, 'काका, राग नोका मानू. तुमच्या इहिरीचं पाणी मी तीन वर्षं वापरलं, दूध फाटे. म्हणून तं मी जार घेतो. जे चहाले चालत नाही ते इंजिनाले कसं चालन?' मी त्याला खूप बोललो. आमच्या घरी रोज चहा होतो, कधी फाटला नाही, म्हटलं. बोलता बोलता माझ्या डोळ्यांसमोर तुझी आई आली. ती दूध कधीच चुलीवर घालत नाही. चहा खाली उतरवते, जरा थांबते, मग घालते. माझी आईही तसंच करायची. ती आपल्या घरची पद्धत आहे, असं मी जन्मभर समजत आलो.

मी गोविंदाकडून जारचं पाणी मागून आणलं. पोत्याखालून बॉयलर काढला, आतून खरवडला तर पांढऱ्या खपल्या निघाल्या. जिभेला लावून पाहिल्या, तर खारट. जारचं पाणी भरलं, पेटवला. काचेतलं पाणी गुमान उभं राहिलं. दाब चढला, व्हॉल्व्ह वेळेवर उघडला. साखळी ओढली तर शिट्टी अशी स्वच्छ वाजली की बसस्टँडवरची माणसं वळून पाहायला लागली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगणच वाकडं होतं आणि मी आपल्या पायांना दोष देत होतो. हात अजून शाबूत आहे हे कळल्यावर मला हसू यायला हवं होतं. मी स्टुलावर बसून राहिलो. शिट्टी ऐकून धावत आलेल्या गोविंदाला वाटलं मला चटका बसला.

खरं सांगतो, त्यानंतर गप्प राहायचा विचार माझ्या मनात आला. कोणाला काय कळणार होतं? नवमीला अर्जुनरावांचे पेन्शनवाले दोस्त जमतील, जुने ड्रायव्हर, फिटर. त्यांच्यासमोर इंजिन गुळण्या करील, पाण्याच्या चुळा टाकील. अर्जुनरावांचं तोंड उतरेल. ते चित्र मी चांगलं रंगवून रंगवून पाहिलं. पण त्या चित्रात अर्जुनरावांच्या शेजारी तू वाकून उभी होतीस, काचेत पाणी बघत. खाऱ्या पाण्याच्या फेसामुळे ती काच खोटं सांगणार होती. पाणी आहे असं दिसेल आणि भट्टीच्या डोक्यावर पाणी नसेल. व्हॉल्व्ह मिठाने चिकटला तर दाब कुठे जाणार, ते तुला मी शिकवायला नको. आणि ते रिव्हेट तुझे आहेत. त्यातल्या एकेका डोक्यावर मी चूक शोधली आहे आणि मला मिळालेली नाही. हेवा माझा आहे, तो माझ्यापाशी राहू दे, इंजिनात नको.

तर दीपा, पत्र याच्यासाठी आहे. आईने आणलेलं पाणी इंजिनात घालू नकोस. ते खारं आहे. आपली विहीर इतरांच्या विहिरींपेक्षा गोड होती, एवढंच, आणि ते आपल्याला कळलं नाही, कारण आपण दुसरं पाणी प्यायलोच नव्हतो. अल्तमशजवळ बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याच्या कॅन पाठवल्या आहेत, त्याच भर. विहिरीचं पाणी पूजेला चाकांवर शिंपडलंस तर चालेल, पण लगेच कोरड्या फडक्याने पूस, नाहीतर चाकं गंजतील. उरलेल्या पाण्याचा चहा टाक, दूध चहा उतरवल्यावर घाल, आणि एक कप अर्जुनरावांना दे. नवमीला मी लेथला हळदकुंकू वाहून सकाळच्या बसने येतो. मला पुढे वगैरे उभं करू नका, मी मागे उभा राहून बघेन. एवढंच मागणं, की कोणी विचारलं पहिलं पाणी कुठलं, तर वरवटच्या विहिरीचं आहे, असंच सांग. अर्जुनरावांना मात्र खरं सांगितलंस तरी हरकत नाही. त्यांनी आपला चहा चाखला आहे.

तुझाच,
वरवटचा बाबा